पत आणि पैसा : बँकेचे ‘लिमिट’ म्हणजे काय?

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या व्यासपीठावरून एका शिक्षकाने कर्जाविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी कोणत्या ना कोणत्या रूपाने उधारीचा व्यवहार असतो, आणि तो बिघडला की त्याची झळ पहिल्यांदा मुलांच्या शिक्षणाला लागते, हे मी गेली काही वर्षे पाहत आलो आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. वर्गात शेकडेवारी आणि सरळव्याज शिकवणारा साधा शिक्षक आहे. आज जे सांगणार आहे, त्याला सातवीच्या गणितापलीकडचे काही लागत नाही.

विषय एकच आहे. बँकेच्या भाषेत त्याला ‘क्रेडिट लाइन’ म्हणतात. बाजारातील मंडळी त्यालाच ‘लिमिट’ किंवा ‘सीसी’ म्हणतात, आणि शुद्ध मराठीत ‘पतमर्यादा’ असा शब्द आहे. नाव कोणतेही घ्या, वस्तू तुमच्या ओळखीचीच आहे.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे तुमचे खाते असते. तो महिनाभर माल देतो, वहीत मांडून ठेवतो आणि पगार झाला की तुम्ही हिशेब चुकता करता. दुकानदाराने मनाशी एक आकडा धरलेला असतो, की या घराला तीन हजारांपर्यंत माल द्यायला हरकत नाही. हा आकडा म्हणजेच तुमची पतमर्यादा. नीट ध्यानात घ्या, त्याने तुमच्या हातावर तीन हजार रुपये ठेवलेले नाहीत. तीन हजारांपर्यंत उधार घेण्याची फक्त मुभा दिली आहे. तुम्ही एक हजाराचा माल नेला, तर देणे एक हजारच. काहीच नेले नाही, तर देणे काहीच नाही. आणि एक हजार चुकते केले, की पुन्हा तीन हजारांची मुभा जशीच्या तशी उभी राहते.

बँक जे लिमिट देते, त्याचा पाया हाच आहे. फरक इतकाच, की तेथे आकडा मनात न राहता कागदावर येतो, वापरलेल्या रकमेवर व्याज लागते आणि अटी लेखी असतात.

आता याच्या शेजारी मुदतीचे कर्ज ठेवून पाहा. शिलाई मशीन घेण्यासाठी तुम्ही कर्ज काढले, तर ती रक्कम एकदाच मिळते, पहिल्या दिवसापासून शिल्लक असलेल्या सगळ्या रकमेवर व्याज सुरू होते आणि ती ठरावीक हप्त्यांनी फेडायची असते. फेडलेले पैसे पुन्हा उचलता येत नाहीत. लिमिटमध्ये मात्र पैसे लागतील तेव्हा काढायचे, आले की भरायचे आणि पुन्हा लागले की पुन्हा काढायचे. जितकी रक्कम, जितके दिवस, तितकेच व्याज. मशीनसाठी मुदतीचे कर्ज आणि कापडासाठी लिमिट, अशी त्यांची कामे वाटलेली आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आता वहीत मांडून घ्या. शाळेचे गणवेश शिवणारा एक टेलर आहे असे समजा. त्याची वर्षाची उलाढाल दहा लाख रुपये. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या पी. आर. नायक समितीने १९९२ साली लहान उद्योगांसाठी एक सोपा हिशेब सुचवला. वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरायचे, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के मालकाने स्वतःचे घालायचे. त्या हिशेबाने आपल्या टेलरला दोन लाखांचे लिमिट मिळाले. व्याजाचा दर, गणित सोपे जावे म्हणून, वर्षाला १२ टक्के धरू.

१ एप्रिलला त्याने कापडासाठी ८०,००० रुपये काढले. १ मे रोजी आणखी ६०,००० काढले. देणे झाले १,४०,०००. शाळा सुरू झाल्या, गणवेश विकले गेले आणि १६ जूनला त्याने १,००,००० रुपये भरले. उरलेले ४०,००० त्याने १ जुलैला भरून खाते मोकळे केले. म्हणजे ८०,००० रुपये ३० दिवस, १,४०,००० रुपये ४६ दिवस आणि ४०,००० रुपये १५ दिवस वापरले. प्रत्येक रकमेला तिच्या दिवसांनी गुणून बेरीज करा, तिला १२ ने गुणा आणि ३६,५०० ने भागा. उत्तर येते सुमारे ३,१०४ रुपये. संपूर्ण हंगाम एवढ्या व्याजात निघाला.

याच टेलरने लिमिट मिळाल्या दिवशीच दोन्ही लाख उचलून घरात ठेवले असते आणि वर्षभर परत भरले नसते, तर १२ टक्क्यांनी २४,००० रुपये व्याज झाले असते. बँक तीच, दर तोच, लिमिट तेच. फरक पडला तो वापरण्याच्या रीतीमुळे.

आणि तेच पैसे त्याच दिवसांसाठी एखाद्या सावकाराकडून ‘शेकडा तीन’ने घेतले असते, तर व्याज ९,३०० रुपयांच्या आसपास गेले असते. ‘शेकडा तीन’ हे बोलायला हलके वाटते, परंतु तो दर महिन्याचा असतो. वर्षाला तो ३६ टक्के होतो. कोणी दर सांगितला, की पहिला प्रश्न विचारा: महिन्याचा, की वर्षाचा?

या उदाहरणातून एक नियम निघतो आणि तोच माझ्या भाषणाचा गाभा आहे. जो पैसा माल होऊन दुकानात जातो आणि विक्री होऊन परत येतो, त्यासाठी लिमिट योग्य. जो पैसा गेला की परत यायचा नाही, त्यासाठी लिमिटला हात लावू नये. लिमिट ही तुमची मिळकत नव्हे. ती दुसऱ्याच्या पैशाची, परत करण्याच्या बोलीवर मिळालेली मुभा आहे.

हा नियम मोडला म्हणजे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी नववीतला एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आला नाही. मुलगा हुशार, गणितात पहिल्या पाचांत. चौकशीसाठी मी त्याच्या घरी गेलो. वडिलांचे चपलांचे लहानसे दुकान होते आणि त्यावर बँकेचे दीड लाखाचे लिमिट होते. उन्हाळ्यात थोरल्या मुलीचे लग्न निघाले. हॉल, जेवण, कपडे, दागिने यांत लिमिट पुरते उचलले गेले. लग्न थाटात झाले. परंतु दिवाळीच्या हंगामात दुकानात माल भरायला खात्यात एक रुपयाची जागा उरली नव्हती. माल नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून भरणा नाही, आणि भरणा नाही म्हणून व्याज चढत चाललेले. शेवटी दुकानातला नोकर कमी केला आणि त्याच्या जागी मुलाला बसवले. वडील मला म्हणाले, “सर, बँकेने दीड लाख मंजूर केले होते ना? मला वाटले ते माझेच आहेत.”

त्या गृहस्थांचा हेतू मुळीच वाईट नव्हता. लेकीचे लग्न चांगले व्हावे असे कोणत्या बापाला वाटत नाही? परंतु ‘मंजूर’ या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता. तो मुलगा पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसला आणि पासही झाला. मध्ये गेलेली वर्षे मात्र गेलीच.

आता बँकेच्या अटींकडे वळू. पहिली अट अशी, की लिमिट कायमचे नसते. बँक साधारणपणे दर वर्षी खाते तपासते आणि मर्यादा तशीच ठेवते, वाढवते किंवा घटवते. दुसरी गोष्ट, मालाच्या तारणावर लिमिट असेल, तर पुष्कळ बँका वेळोवेळी मालाचा तक्ता मागतात. लिमिट दोन लाखांचे असले, तरी दुकानातला माल आणि येणे कमी असेल, तर त्या महिन्यात उचल कमीच करता येते. बँकेत याला ‘ड्रॉइंग पॉवर’ म्हणतात. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. खाते सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिले, किंवा ९० दिवसांत त्यात काही भरणाच झाला नाही, किंवा झालेल्या भरण्यातून व्याजही निघाले नाही, तर ते थकीत धरले जाते. म्हणजे मर्यादा ओलांडली नाही, तरीही केवळ स्वस्थ बसल्याने खाते बिघडू शकते. खात्यात पैशाची ये-जा राहिली पाहिजे.

खाते बिघडल्याची नोंद केवळ त्या शाखेपुरती राहत नाही. सन २००० मध्ये स्थापन झालेली ‘सिबिल’ आणि तिच्यासारख्या एकंदर चार कंपन्या कर्जदारांच्या व्यवहारांची नोंद ठेवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान गुण देतात. परीक्षेचे गुण शाळा देते, हे गुण आपली परतफेड देते. जो जामीन राहिला, त्याच्या नावापुढेही कर्जाची नोंद होते, आणि कर्जदाराने थकवले तर बँक जामीनदाराच्या दारी येते. “फक्त एक सही पाहिजे,” असे कोणी म्हणाले, तर ती सही म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. स्वतःचा पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो जरूर मागवावा.

काही पालक म्हणतील, “सर, आम्हाला बँक लिमिट देतच नाही.” या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचे एक कारण आपल्या हातातले आहे. आपल्यातले कितीतरी कारागीर आणि फळविक्रेते सगळा धंदा रोखीने करतात. लाखांची उलाढाल होते, पण बँकेच्या पासबुकात तिचा मागमूस नसतो. ज्या उलाढालीचा पुरावा नाही, तिच्यावर बँक लिमिट कसे ठरवणार? रोजची विक्री खात्यात भरत गेलात, तर वर्षभराने तेच पासबुक तुमची शिफारस करील. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान धंद्यांना तारण न घेता कर्ज देण्याची तरतूद आहे, आणि त्यात खेळत्या भांडवलाचीही सोय आहे. २०२० साली फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली; तिच्यात आधीचे कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला पुढचे कर्ज अधिक मिळते. शेतकऱ्यांसाठी १९९८ सालापासून किसान क्रेडिट कार्ड आहे. भगिनींच्या बचत गटांनाही बँका असे लिमिट देतात. या सगळ्यांचे मर्म एकच आहे: पत एका दिवसात मिळत नाही, ती वेळच्या वेळी केलेल्या भरण्यातून वाढते.

येथे आपल्या महाराष्ट्राचा थोडा इतिहास सांगतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. त्यांचा रोख मुख्यतः सावकारांकडच्या कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. का? कारण त्या कागदांत काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्याला वाचताच येत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात भरलेल्या पैशाची पावती आणि खात्याचा लेखी हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोला देण्यात आला. दीडशे वर्षे होऊन गेली. आज आपली मुले वाचू शकतात. मग घरातला कर्जाचा कागद न वाचता त्यावर सही का व्हावी?

कर्जाचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवावा, ही शिकवण कुरआनमजीदमधील सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपण सर्व जाणता. भावाभावांतला, मित्रामित्रांतला व्यवहारसुद्धा लिहून ठेवण्यात संकोच कसला?

व्याजाचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. त्याचा धार्मिक निवाडा करणे हे माझे काम नव्हे. तो ज्याने त्याने जाणकारांना विचारून ठरवावा. मी इतकेच म्हणेन, की ज्याला व्याज टाळायचे आहे, त्याने तर हा हिशेब अधिकच जाणला पाहिजे. क्रेडिट कार्डासारख्या गोष्टींत व्याज कोणत्या दिवशी सुरू होते, हे ठाऊक नसेल तर ते टाळणार कसे? आणि उसनवारी बिनव्याजी असली, तरी तिलाही मर्यादा असते आणि परतीची तारीख असते. बिनव्याजी म्हणजे बिनमुदतीचे नव्हे.

आता तरुण मित्रांशी चार शब्द. पूर्वी लिमिट मागायला बँकेची पायरी चढावी लागे. आता ते फोनवर आपण होऊन चालत येते. “अभिनंदन, आपल्यासाठी ५०,००० रुपये मंजूर,” असा निरोप येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांची मंजूर क्रेडिट लाइन यूपीआयला जोडण्याची वाट मोकळी केली. म्हणजे चहाचे पैसे देताना जे बटण दाबता, त्याच बटणाने आता कर्जही उचलले जाऊ शकते. स्वतःच्या खात्यातून पैसे चालले आहेत, की क्रेडिट लाइनमधून, हे पडद्यावर पाहिल्याशिवाय पिन टाकू नका.

क्रेडिट कार्डाचेही तसेच. ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण बिल भरले, तर खरेदीवर व्याज लागत नाही. परंतु बिलावर ‘किमान रक्कम’ असाही एक आकडा असतो आणि तेवढी भरली की सुटलो असे अनेकांना वाटते. वीस हजार रुपये देणे आहे आणि दर महिन्याला साडेतीन टक्के आहे असे समजा. महिन्याचे व्याज झाले ७०० रुपये, त्यावर जीएसटी वेगळा. तुम्ही पाच टक्के, म्हणजे १,००० रुपये भरले, तर मुद्दलातून ३०० रुपयेही फिटले नाहीत. अशा रीतीने वीस हजार फिटायला किती वर्षे लागतील, ते घरी जाऊन मांडा.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घालून दिले. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती, हे सांगितले पाहिजे. सर्व खर्च धरून वर्षाचा दर किती, हे एका तक्त्यात लिहून दिले पाहिजे. पैसे कर्जदाराच्या खात्यात थेट आले पाहिजेत. फोनमधली नावे व फोटो अ‍ॅपने उघडू नयेत. जे अ‍ॅप तुमच्या नातेवाइकांचे नंबर मागते, ते उद्या वसुलीसाठी त्यांनाच फोन करील, हे ओळखून दूर राहा. अठरा वर्षांखालील मुलाला कायद्याने कर्जाचा करार करता येत नाही. म्हणून वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी त्यांना न विचारता कोठेही टाकायचा नाही, ही शिस्त घरोघरी हवी.

याच वेळी मी असेही म्हणेन, की कर्जाला भिऊन शिक्षण सोडू नका. परत न येणाऱ्या खर्चासाठी कर्ज नको असे मी म्हणालो. शिक्षणावरचा खर्च मात्र मुलाच्या कमाईतून परत येऊ शकतो. शैक्षणिक कर्ज पुष्कळसे लिमिटसारखेच चालते. रक्कम एकदम मंजूर होते, पण दर वर्षी फी भरायच्या वेळी लागेल तेवढीच उचलली जाते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होतात. मधल्या काळातले व्याज मात्र साचत असते. ते जमेल तसे भरत राहिल्यास पुढचा भार हलका होतो. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही शैक्षणिक कर्ज देते. बारावीच्या निकालापर्यंत न थांबता त्याची चौकशी आधीच करावी.

पालक बंधू-भगिनींनो, शेवटी माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी लिमिट आहे, त्यांनी कागदावर चार गोष्टी मांडून ठेवाव्यात: मर्यादा किती, आज देणे किती, वर्षाचा दर किती आणि खाते कोणत्या महिन्यात नव्याने तपासले जाणार. हा कागद घरातल्या गृहिणीलाही ठाऊक असावा, कारण घरधनी आजारी पडला तर खाते तिलाच सांभाळावे लागते. लग्नकार्यासाठी वेगळी बचत करा, ती थोडी असली तर कार्य थोडक्यात करा. दुकानाचे लिमिट दुकानासाठीच राहू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आठवी-नववीत तुम्ही चक्रवाढ व्याज शिकता ते केवळ परीक्षेतील चार गुणांसाठी नव्हे. या रविवारी वडिलांच्या शेजारी बसा, बँकेचे पासबुक उघडा आणि मागच्या तीन महिन्यांचे व्याज स्वतः काढून पाहा. आकडा जुळला, तर तुमचे गणित पक्के झाले. जुळला नाही, तर सोमवारी पासबुक घेऊन माझ्याकडे या; आपण मिळून पाहू, आणि गरज पडल्यास बँकेत जाऊन विचारू.